तोफांनीं राखिलेलें मैदान

मुंबईचें ओव्हल मैदान पाहून आमच्या वर्ध्याकडील मनुष्यास प्रथम असें वाटतें कीं, ही जागा कोणा उदार पुरुषानें क्रीडेसाठींच सोडिली असावी. वस्तुस्थिति निराळी आहे. किल्ल्यावरील तोफांच्या माऱ्यास अडथळा होऊं नये, एवढ्याचसाठीं तटाबाहेरची ही भूमि मोकळी ठेविलेली होती. तिला एस्प्लनेड म्हणत. सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असतां (१८६२–६७) तट पाडण्यांत आला आणि तोफांचें प्रयोजन संपलें. पुढें त्या भूमीच्या कडेनें हायकोर्ट, विद्यापीठ व राजाबाई टॉवर उभे राहिले. परंतु सर्वच जागा इमारतींस न देतां, आज ज्यांस ओव्हल, क्रॉस, आझाद व कूपरेज म्हणतात, तीं मैदानें राखण्यांत आलीं. ओव्हलच्या दुतर्फा असलेल्या वास्तुसमूहास युनेस्कोनें २०१८ सालीं जागतिक वारशाच्या यादींत घेतलें. मध्यें ही हिरवळ नसती, तर ते प्रासाद नीट दिसलेही नसते!

जी भूमि शत्रूच्या भयानें मोकळी राहिली, ती पुढें विवेकानेंच राखावी लागली. कारण भय सरलें कीं रिकामी जागा लोभाच्या दृष्टीस पडते. वर्धा, हिंगणघाट, आर्वी हीं आपलीं नगरेंही वाढत आहेत. तेथें तोफा नाहींत. मुलांच्या खेळावयाच्या जागेभोंवतीं तट म्हणून आपणच उभें राहिलें पाहिजे.