जमातीची वेबसाइट आणि आपली अमानत

गावोगावच्या जमाती, मदरसे आणि शैक्षणिक ट्रस्ट आता स्वतःची वेबसाइट काढू लागले आहेत. नमाजच्या वेळा आणि रमजानचं टाइमटेबल टाकलं, इथपर्यंत काळजीचं काही नाही. पण त्याच साइटवर स्कॉलरशिपचा फॉर्म आला की मुलांचं आधार कार्ड, वडिलांचा उत्पन्नाचा दाखला, पासबुकचा फोटो हे सगळं सर्व्हरवर जमा होतं. जकातीसाठी अर्ज करणाऱ्या बेवा बहिणीचं नावही त्यात असतं. ही लोकांची अमानत आहे. आणि ती सांभाळायचं काम बहुतेक वेळा घरातल्याच कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुला-मुलीकडे येतं. हा लेख त्यांच्यासाठी.

तीन भाग, तीन कामं

लिनक्स सर्व्हरवर पीएचपीची साइट चालवायला मुख्य तीन गोष्टी लागतात. एनजिनएक्स किंवा अपाची हा वेब सर्व्हर ब्राउझरची मागणी घेतो, पीएचपी पान तयार करतं आणि मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल माहिती साठवतं. एनजिनएक्स स्वतः पीएचपी चालवत नाही, ते काम पीएचपी-एफपीएमकडे देतो. एफपीएम बंद पडलं तर '५०२ बॅड गेटवे' दिसतं. पण सेटिंगच राहून गेलं तर पान उघडण्याऐवजी पीएचपीची फाइल जशीच्या तशी डाउनलोड होते. त्या फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असेल तर तोही गेला! म्हणून साइट सुरू करण्याआधी हे तपासून घ्या.

पीएचपी जुनं ठेवू नका. ७.४ या आवृत्तीला मूळ टीमकडून मिळणारे सुरक्षा अपडेट नोव्हेंबर २०२२ मध्येच बंद झाले.

फॉर्म अडतो कुठे?

मोबाइलवर काढलेला फोटो सहज ३-४ एमबीचा असतो. पीएचपीची एका फाइलची मूळ मर्यादा २ एमबी, पूर्ण फॉर्मची ८ एमबी, आणि एनजिनएक्सची तर फक्त १ एमबी. तिन्ही वाढवाव्या लागतात, एकच वाढवून उपयोग नाही. एनजिनएक्सने अडवलं तर '४१३' एरर येते.

७७७ चा मोह

यानंतर 'परमिशन डिनाइड' येतं आणि कुणीतरी सांगतं, "फोल्डरला ७७७ देऊन टाक, चालेल." चालतं खरं, पण हे घराला कुलूप न लावता बाहेर जाण्यासारखं आहे. तीन आकडे म्हणजे मालक, ग्रुप आणि बाकी सगळे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. ७७७ म्हणजे सर्व्हरवरच्या कुठल्याही युजरला सगळी मुभा.

साधारणपणे फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ पुरतं. कागदपत्रांचं फोल्डर मात्र वेगळं ठेवा. त्याची मालकी पीएचपी ज्या युजरखाली चालतं त्याला द्या (उबुंटूवर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा') आणि परमिशन ७०० ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं, हे फोल्डर वेबसाइटच्या सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर असू द्या. लॉगिन तपासूनच पीएचपीने ती फाइल दाखवावी.

एवढं विसरू नका

• साइट 'एचटीटीपीएस'वरच चालवा. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र मोफत मिळतं. त्याची मुदत थोडी असते, म्हणून ते आपोआप नवं होईल अशी सोय करा.
• पानावर एरर दाखवणं बंद करा, त्या लॉगमध्ये जाऊ द्या.
• डेटाबेसला बाहेरून कनेक्शन देऊ नका.
• बॅकअप दुसऱ्या जागी, पासवर्ड लावून ठेवा.
• काम संपलेल्या अर्जांची कागदपत्रं काढून टाका. जे ठेवलंच नाही ते चोरीला जात नाही.

ट्रस्टींनाही एक विनंती. आज एका अर्जाच्या कागदाची लिंक कॉपी करा आणि लॉगिन न करता दुसऱ्या मोबाइलवर उघडून बघा. उघडली, तर दुरुस्ती होईपर्यंत फॉर्म बंद ठेवा. चार दिवस अर्ज कागदावर घेतले तरी चालेल. गरजूने भरवसा ठेवून दिलेले कागद उघड्यावर पडता कामा नयेत.