केसांखालची जाळी

हेअर पॅच घ्यायला आलेला माणूस आधी केसांवरून हात फिरवतो. मऊ आहेत का, अस्सल आहेत का, रंग जुळतो का, एवढंच तो पाहतो. जाणकार कारागीर मात्र पॅच उलटा करून बेस, म्हणजे केस ज्यात बसवलेले असतात तो खालचा थर, दाखवतो. पॅच ओळखू येणार की नाही, हे बहुतांशी त्या बेसवरच ठरतं. तिरुमलाच्या मुंडणातले उत्तम केस असले, तरी कपाळाशी बेसची कड दिसली की ते वाया गेले.

सर्वांत दणकट बेस मोनोचा. नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या घट्ट तंतूंचा हा बेस नीट निगा राखली तर वर्षभरही टिकतो, पण त्याची कड जाड असल्यामुळे केस मागे वळवता येत नाहीत. पॉली म्हणजे पॉलियुरेथेनचा पापुद्रा, काही प्रकारांत जेमतेम ०.०३ मिलिमीटर जाडीचा. तो त्वचेला चिकटून बसतो आणि पुसायलाही सोपा असतो. मात्र त्यातून हवा जात नाही. मे महिन्यात लोकलने प्रवास करणाऱ्याच्या डोक्यावर पॉलीखाली घाम साचतो, पॅच चिकटवणारी टेप सुटते, खाज सुटते. आपल्या किनारपट्टीच्या हवेत डोकंभर पॉली घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लेस म्हणजे बारीक जाळी, तिच्यातून घाम बाहेर पडतो. तिच्यातली फ्रेंच जरा जाड आणि स्विस अगदी तलम. ही नावं आता केवळ दर्जा सांगतात. जाळीत केसांच्या गाठी मारण्याचं बरंचसं काम चीनमधल्या चिंगदाओ आणि शूचांग परिसरात चालतं. रोज वापरात स्विस लेस साधारण दोन-तीन महिने टिकते, फ्रेंच त्याहून थोडी जास्त. स्विस लेस उजेडासमोर धरली तर तिची षटकोनी छिद्रं दिसतात. कपाळावर नीट चिकटली की ती त्वचेत मिसळून जाते. फक्त तिचा रंग त्वचेशी जुळायला हवा. सावळ्या कपाळावर पारदर्शक लेस राखाडी दिसते, तिथं तपकिरी छटेचीच घ्यावी.

लेस जुळली तरी गाठ चुगली करू शकते. कारागीर केस मुळाच्या बाजूला दुमडतो, बारीक आकडीची सुई छिद्रातून घालून ती दुमड बाहेर ओढतो आणि टोकं तिच्यातून काढून गाठ आवळतो. दुहेरी गाठ पक्की बसते पण जाड होते. एकेरी गाठ बारीक राहते पण केस लवकर सुटतात. भारतीय केस काळे असल्यामुळे भांगात या गाठींचे काळे ठिपके दिसतात. ते घालवण्यासाठी लेसच्या खालच्या बाजूनं ब्लीच लावतात. ब्लीच पातळ झालं तर छिद्रांतून वर येऊन केसांची मुळं पिवळी पडतात, जास्त वेळ राहिलं तर गाठीजवळचा केस ठिसूळ होतो. म्हणून लेप घट्ट ठेवायचा आणि दर थोड्या वेळानं रंग बघत राहायचा. हे काम पाहिलं की पॅचची किंमत कशात जाते ते कळतं.

सिनेमा-नाटकाच्या विगांना पुढे लेस असतेच, पण तो विग काही तासांपुरता असतो आणि मेकअपमन हाताशी असतो. नोकरदाराचा पॅच मात्र एका सर्व्हिसिंगपासून पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत दोन-तीन आठवडे डोक्यावरच राहतो. त्यामुळे रोजच्या वापरासाठी मला मिश्र बेसच शहाणपणाचा वाटतो: पुढच्या बोटभर पट्टीत स्विस लेस आणि एकेरी गाठी, मध्ये फ्रेंच लेस किंवा मोनो, बाजूंना आणि मागे टेपसाठी पॉलीची अरुंद पट्टी. ‘क्यू सिक्स’ नावानं मिळणारे पॅच याच धर्तीचे असतात.

पॅच काढताना रिमूव्हर कडेनं सोडावा, काही मिनिटं थांबावं आणि गोंद आपण होऊन सुटू द्यावा. घाईनं ओढलेली स्विस लेस पहिल्यांदा कपाळाच्या कडेलाच फाटते, आणि तिथं ठिगळ लावलं तर ते दिसतंच.