मोबाईलवरचा समुपदेशक

भाईंदरहून चर्चगेटला जाणाऱ्या लोकलच्या डब्यात चिकटवलेली 'बंगाली बाबां'ची पत्रके आपण सर्वांनीच वाचली आहेत. प्रेमभंग, गृहकलह, नोकरी, सर्वांवर चोवीस तासांत उपाय! मी समुपदेशनाचा व्यवसाय सुरू केला तेव्हा ठरवले होते की आपण जाहिरात करायची नाही. पण दोन वर्षांपूर्वी भाचीने मला मोबाईलसमोर बसवलेच. म्हणाली, "मावशी, पत्रके आता कोण वाचतो? सगळा डबा रील बघतो."

तिचे खरे होते. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामचे रील आपल्याकडे सुरू झाले आणि सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स. आपल्या जिल्ह्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेली आय.पी.एच. ही संस्था 'आवाहन' या वाहिनीवरून मनाच्या आरोग्याविषयी मराठीत बोलतेच आहे. मग आपण मिनिटभर बोलायला काय हरकत, असे मला वाटले.

माझा पहिला व्हिडिओ चिंतेच्या लक्षणांवर होता. तो नातेवाइकांखेरीज कोणी पाहिला नाही. दुसरा होता, 'समुपदेशकाकडे पहिल्या दिवशी काय होते?' खोलीत दोन खुर्च्या असतात, समुपदेशक गोळ्या देत नाही, तुमचे नाव बाहेर जात नाही, वेळ साधारण पाऊण तास आणि फी इतकी. बस्स! डब्यात आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांसाठी भाचीने खाली अक्षरे टाकली, आणि आपल्या गावात गुजराती-हिंदी मंडळी पुष्कळ म्हणून तोच मजकूर हिंदीतही केला. महिनाभरात अकरा फोन आले. मीरा रोडचे एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तीन वर्षे यायचे म्हणतोय. दारामागे काय आहे तेच माहीत नव्हते."

मग मला हाव सुटली. तिसऱ्या व्हिडिओत मी एका सुनेची गोष्ट सांगितली. नाव बदललेले, गाव बदललेले, तीनचार जणींच्या हकिकती एकत्र केलेल्या. तो सर्वांत जास्त चालला. पुढच्या आठवड्यात आठ महिन्यांपासून येणाऱ्या एक बाई समोर बसल्या आणि बराच वेळ बोलल्याच नाहीत. शेवटी हळूच विचारले, "मॅडम, ती मीच ना?"

ती त्या नव्हत्या. पण हे पटवायचे कसे? खरी कोण होती, हे तरी कसे सांगायचे? त्याच संध्याकाळी मी तो व्हिडिओ काढून टाकला. बाई पुढचे दोन आठवडे आल्या नाहीत. आता येतात, पण बोलण्याआधी टेबलावरच्या माझ्या मोबाईलकडे एकदा पाहतात. मी तो आता खणात ठेवते.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे. उपचार घेणाऱ्याचे छायाचित्र वा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. डॉक्टरांना तर २००२ च्या आचारनियमांनी रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करण्यास मनाईच केली आहे. माझ्या व्हिडिओत कायदा मोडला नव्हता, विश्वास मात्र मोडला. त्यानंतर मी कोणाचीही गोष्ट, कितीही बदलून, सांगितलेली नाही. फोन थोडे कमी येतात. चालेल.

वाचकांनो, तुम्हीही असे व्हिडिओ पाहत असाल. पाहा जरूर, पण बोलणाऱ्याचे शिक्षण विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. समुपदेशकाची पाटी लावणारे सर्वच प्रशिक्षित असतात असे मात्र नाही. 'ही पाच लक्षणे असतील तर तुम्हाला अमुक आजार' असे सांगणाऱ्यावर विसंबू नका. थायरॉईड कमी असले तरी माणूस उदास आणि सुस्त होतो, आणि ते रक्ताच्या तपासणीत कळते, रीलमध्ये नाही. कोणी रुग्णाचे रडणे दाखवत असेल, तर उद्या तिथे आपण असू शकतो एवढे ध्यानात घ्या.

आपले दुखणे व्हिडिओखाली प्रतिक्रियेत लिहू नका, ते सारा गाव वाचतो. रात्रीबेरात्री मन फारच बेचैन झाले, जीव नकोसा वाटला, तर सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. ही सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते.