विजोड शिपायांची जोडी : एका चित्रपटप्रकाराच्या आकर्षणाची मीमांसा

दोन पोलीस एका कामगिरीवर नेमले जातात. एक नियमाचा काटेकोर, दुसरा नियमाला वळसा घालणारा. एक संसारी, दुसरा एकटा. एकाची भाषा शहरी, दुसऱ्याची गावरान. प्रारंभी दोघांचे क्षणभर पटत नाही. पुढे पाठलाग, मारामाऱ्या आणि गोळीबार यांच्या गदारोळात ते परस्परांना ओळखू लागतात आणि अखेरीस एकमेकांसाठी जीव धोक्यात घालतात. विजोड शिपायांच्या जोडीवर आधारलेल्या चित्रपटांची ही सर्वपरिचित रचना होय. कथेचा शेवट आधीच ठाऊक असूनही प्रेक्षक अशा चित्रपटांना पुनःपुन्हा गर्दी करतात. या आकर्षणाचे बीज कशात आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

सर्वसाधारणपणे दिले जाणारे उत्तर असे की, विरोधी स्वभावांच्या संघर्षातून विनोद उत्पन्न होतो आणि विनोद लोकांना आवडतो. हे उत्तर चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. विजोड जोड्या सासू-सुनांच्या आहेत, शेजाऱ्यांच्या आहेत, गुरु-शिष्यांच्याही आहेत. मग पोलिसांच्याच जोडीला एवढा स्वतंत्र चित्रपटप्रकार का लाभावा? याचे कारण पोलिसाच्या विशिष्ट स्थानात शोधले पाहिजे. सामान्य माणसाच्या दृष्टीने राज्यसत्तेचे सर्वांत जवळचे आणि सर्वांत धाक वाटणारे रूप म्हणजे पोलीस. तो एकटा असतो तेव्हा त्याची नजर हीच सत्तेची नजर ठरते. त्याच्या शेजारी त्याच्यासारखा नसलेला दुसरा कोणी उभा राहिला, की त्या नजरेला प्रश्न विचारणारे माणूस निर्माण होते. या जोडीचे खरे आकर्षण स्वभावभेदात नसून सत्तेच्या शेजारी उभ्या असलेल्या या प्रश्नकर्त्यात आहे.

ही गोष्ट चित्रपटाच्या जन्मापूर्वीचीच आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’च्या सहाव्या अंकात वीरक आणि चंदनक हे दोन नगररक्षक येतात. पालक राजाच्या बंदिवासातून निसटलेला आर्यक चारुदत्ताच्या गाडीत लपून चालला आहे. चंदनक गाडीत डोकावतो, आर्यकाला ओळखतो, आणि त्याने अभय मागताच ते देऊन टाकतो. आत वसंतसेना आहे, असे तो वीरकाला सांगतो. पण सांगताना त्याची जीभ अडखळते. संशय आलेला वीरक स्वतः गाडी पाहण्याचा आग्रह धरतो. आपण दाक्षिणात्य, आपले उच्चार असेच अस्पष्ट, अशी सबब चंदनक पुढे करतो, भांडण उकरून काढतो, एकमेकांच्या जातींचा उद्धार होतो आणि अखेर वीरकाला लाथ खावी लागते. प्रसंग हास्याचा आहे. पण त्या हास्याच्या मुळाशी गंभीर पेच आहे. एका गाडीकडे दोन नजरा लागल्या आहेत. वीरकाला गाडीत राजाचा कैदी शोधावयाचा आहे. चंदनकाला तेथे शरण आलेला माणूस दिसला आहे. दोघांपैकी कोणालाही पूर्णतः चूक म्हणता येत नाही. गोविंद बल्लाळ देवल यांनी १८८७ मध्ये हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले.

याउलट कालिदासाच्या ‘शाकुंतला’तील सहाव्या अंकाच्या प्रवेशकाकडे पाहावे. राजाची अंगठी सापडलेल्या कोळ्याला सूचक आणि जानुक हे दोन रक्षक बांधून आणतात. तेही दोघेच, परंतु दोघांची वृत्ती एकच. कोळ्याला मारण्यासाठी दोघांचेही हात शिवशिवत असतात. राजाकडून त्या कोळ्याला बक्षीस मिळते, तेव्हा त्याच बक्षिसाच्या पैशात वाटा घेऊन सर्व मंडळी मद्याच्या दुकानाकडे निघतात. येथे विनोद आहे, उपहासही आहे. पण कोळ्याच्या बाजूने प्रश्न विचारणारा कोणी नाही. संख्येने दोन असणे म्हणजे जोडी नव्हे, हे या तुलनेवरून स्पष्ट व्हावे. जोडीला विजोडपणाच हवा.

महाराष्ट्राच्या लोकपरंपरेत या प्रश्नकर्त्याचे स्थान निश्चित आहे. परभणी जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर गोंधळाचे उदाहरण सर्वांत जवळचे. परभणीचे राजारामबापू कदम यांचे नाव या कलेच्या संदर्भात आदराने घेतले जाते. संबळ, तुणतुणे आणि दिवटी यांच्या सान्निध्यात गण आणि देवतांचे आवाहन झाल्यावर मुख्य गोंधळी आख्यान लावतो. त्याच्या शेजारी उभा असलेला साथीदार मात्र केवळ साथ करीत नाही. तो मध्येच अडवतो, वेडगळ वाटणारे प्रश्न विचारतो, राजाच्या वैभवाचे वर्णन चालू असता भाकरीची चौकशी करतो. नायक त्याच्यावर चिडतो, पण उत्तर दिल्यावाचून त्याची कथा पुढे सरकत नाही. श्रोत्यांच्या मनातील शंका श्रोत्यांच्याच भाषेत बोलून दाखविणारा हा साथीदार आख्यानाला जमिनीवर ठेवतो. तमाशाच्या गवळणीतील पेंद्या आणि वगातील सोंगाड्या यांचे कार्यही तत्त्वतः हेच. संस्कृत नाटकातील राजा संस्कृत बोलतो आणि त्याचा मित्र विदूषक, जातीने ब्राह्मण असूनही, प्राकृत बोलतो. त्या योजनेमागेही हाच विचार दिसतो. विजोडपणा डोळ्यांना दिसण्यापूर्वी तो कानांना ऐकू येतो.

भाषेचा हा मुद्दा मराठवाड्याच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. शेतात आणि घरात मराठी बोलणाऱ्या रयतेचा ठाण्याशी संबंध येई तो परक्या भाषेतील कागदाच्या द्वारे. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९७५ मध्ये, दादा कोंडके यांचा ‘पांडू हवालदार’ पडद्यावर आला. ज्यांनी तरुणपणी निजामी अंमल पाहिला होता अशा प्रेक्षकांना, ठाण्यातला हवालदार आपल्यासारखीच गावरान मराठी बोलतो, फसतो, लाजतो आणि वरिष्ठांना भितो, या दृश्याचे केवढे अप्रूप वाटले असेल, याची कल्पना करता येते.

कोंडके यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट. त्यापूर्वी वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यातील हवालदाराच्या भूमिकेने त्यांना लोकप्रिय केले होते. म्हणजे पडद्यावरचा हा हवालदार सरळ वगाच्या बोर्डावरून उतरून आलेला आहे. चित्रपटात त्याच्या जोडीला अशोक सराफ यांचा सखाराम हवालदार आहे. पांडू मऊ मनाचा आणि भाबडा, सखाराम व्यवहारी आणि चलाख. खात्याच्या उतरंडीत दोघेही तळाशी. त्यामुळे सत्ता त्यांच्या अंगावर आहे, पण त्यांच्या हाती फारशी नाही. वर्दीतला माणूस आणि वर्दी यांमधील अंतर हाच येथील विनोदाचा विषय आहे. या यशाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. ‘पांडू’ हा शब्द पोलीस शिपायाला हिणविण्यासाठी बोलीत रूढ झाला, आणि ज्या चित्रपटाने शिपायाला माणूस म्हणून दाखविले त्याच्याच नावाने तुटपुंज्या पगारात दीर्घ पहारे देणाऱ्या शिपायाची थट्टा होऊ लागली. पुढे २०२१ मध्ये विजू माने यांनी ‘पांडू’ या चित्रपटात भाऊ कदम आणि कुशल बद्रिके यांना घेऊन ही जोडी नव्याने मांडली.

हिंदी चित्रपटात हा प्रश्न अधिक उघडपणे विचारला गेला तो प्रकाश मेहरा यांच्या ‘जंजीर’ (१९७३) मध्ये. मुंबईतील तरुण इन्स्पेक्टर विजय जुगाराचे अड्डे चालविणाऱ्या शेरखानाला ठाण्यात बोलावतो आणि तो बसू लागताच समोरची खुर्ची लाथेने उडवितो. शेरखानाचे प्रत्युत्तर मार्मिक आहे : हा जोर तुझा की तुझ्या वर्दीचा? विजय वर्दी उतरवून त्याच्या वस्तीत एकटा जातो, दोघांची झुंज होते, आणि त्या झुंजीतून मैत्री जन्म घेते. शेरखान पोलीस नाही. तरीही ही जोडी या प्रकाराची उत्तम साक्ष देते, कारण प्रश्न विचारला गेल्यावाचून आणि वर्दी बाजूला ठेवल्यावाचून ती जुळतच नाही. ‘मैं खिलाडी तू अनाडी’ (१९९४) मध्ये पोलिसाची भूमिका शिकण्यासाठी एक चित्रपटनट खऱ्या इन्स्पेक्टरच्या मागे लागतो. तेथे तोच प्रश्न हलक्याफुलक्या रीतीने येतो. पोलीस असणे आणि पोलीस दिसणे यांत फरक किती, असा तो प्रश्न आहे.

पाश्चात्य आणि जपानी चित्रपटांतही हे सूत्र आढळते. अकिरा कुरोसावा यांच्या ‘स्ट्रे डॉग’ (१९४९) मध्ये पिस्तूल चोरीला गेलेला तरुण पोलीस अपराधभावनेने पछाडलेला आहे; अनुभवी साथीदार त्याला सावरतो. चोर आणि आपण एकाच युद्धातून परतलो, ही तरुणाची अस्वस्थता मात्र त्या अनुभवी माणसालाही सहजी पुसून टाकता येत नाही. नॉर्मन ज्युइसन यांच्या ‘इन द हीट ऑफ द नाइट’ (१९६७) मध्ये अमेरिकेच्या दक्षिण भागातील एका लहान गावात रात्री स्टेशनवर बसलेल्या कृष्णवर्णीय माणसाला खुनाच्या संशयावरून धरून आणतात. चौकशीअंती तो फिलाडेल्फियाचा गुप्तपोलीस अधिकारी निघतो. ज्याला नुकतेच आरोपी ठरविले त्याच्याच मदतीने गोऱ्या ठाणेदाराला तपास करावा लागतो. येथे प्रश्नकर्ता सत्तेच्या शेजारी येऊन उभा राहतो तोच मुळी आरोपीच्या जागेवरून. ‘फॉर्टी-एट अवर्स’ (१९८२) मध्ये पोलिसाचा जोडीदार तुरुंगातून अल्पकाळासाठी काढलेला कैदी आहे. ‘लीथल वेपन’ (१९८७) मध्ये पन्नाशीला पोहोचलेला कुटुंबवत्सल मर्टॉ आणि पत्नीच्या मृत्यूनंतर जिवावर उदार झालेला रिग्ज एकत्र येतात. जगण्यासाठी काम करणारा आणि मरण्यासाठी काम करणारा, असा तो विरोध आहे.

या शेवटच्या उदाहरणावरून या प्रकाराची उतरती कळाही समजून घेता येते. ‘लीथल वेपन’चे आणखी तीन भाग १९८९, १९९२ आणि १९९८ मध्ये आले. रिग्ज हळूहळू मर्टॉच्या कुटुंबातलाच होतो. जिव्हाळा वाढतो, परंतु एकाने दुसऱ्याला विचारावा असा प्रश्न उरत नाही. उरतात ते स्फोट आणि नेहमीच्या कोपरखळ्या. जोडी जुळल्यावर तिचे आकर्षण ओसरते, हा अनेक मालिकाचित्रपटांतील अनुभव यामुळेच येतो. प्रश्नकर्ता केवळ मदतनीस झाला, की गोंधळातला साथीदार नुसता झांज वाजवू लागावा तशी स्थिती होते.

येथे या चित्रपटप्रकाराची मूलभूत मर्यादाही सांगितली पाहिजे. बहुतेक जोड्यांत दोघेही अखेर वर्दीच्याच बाजूचे असतात. एकाच्या उतावीळपणाला दुसरा आवर घालतो, एकाच्या निष्ठुरपणाला दुसऱ्याची दया पुरून उरते. सत्तेची दुरुस्ती सत्तेच्या घरातच होते. ज्याला पकडून आणले तो तिसरा माणूस, म्हणजे शाकुंतलातील कोळी, कडेला उभा राहून हे पाहत असतो. चित्रपटगृहातील प्रेक्षक हसतो तेव्हा तो स्वतःला त्या दोघांपैकी एकाच्या जागी कल्पितो. ठाण्याचा उंबरा ओलांडताना मात्र तो बहुधा त्या तिसऱ्याच्याच जागी असतो.

ही केवळ साहित्यशास्त्रीय शंका नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये परभणी शहरात संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यातून लोकक्षोभ उसळला, धरपकड झाली, आणि अटकेतील एका तरुण कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्या प्रकरणी पुढे उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले. अशा घटनेनंतर त्याच शहरातला प्रेक्षक पडद्यावरच्या दिलखुलास शिपायांकडे पूर्वीच्याच मनाने पाहील, असे गृहीत धरता येणार नाही.

कायद्यानेही हा प्रश्न आपल्या परीने ओळखलेला आहे, ही गोष्ट अभ्यासकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. झडतीच्या वेळी परिसरातील दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच हजर असावेत, हा दंडक जुना आहे. डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या नियमांनुसार अटकेच्या टिपणावर कुटुंबातील अथवा परिसरातील एका साक्षीदाराची सही आवश्यक ठरली. सत्तेच्या नजरेशेजारी दुसरी नजर हवी, ती सत्तेसारखी नसावी आणि तिला प्रश्न विचारण्याचा अधिकार असावा, हेच या नियमांचे सार आहे. गोंधळी आपल्या साथीदाराला जे स्थान देतो तेच स्थान कायद्याने पंचाला दिले आहे.

तात्पर्य, विजोड शिपायांच्या जोडीचे आकर्षण हे एका जुन्या आणि रास्त अपेक्षेचे आकर्षण आहे. दंडा हाती असलेल्या माणसाजवळ त्याला हटकणारे कोणीतरी असावे, असे लोकांना वाटत आले आहे. चित्रपट ती अपेक्षा दोन-अडीच तास पुरी करतो, आणि उत्तम चित्रपट ती पुरी करताना तिसऱ्या माणसाचा विसर पडू देत नाही. या प्रकारातील कोणत्याही कृतीचे मूल्यमापन करताना दोघांचे किती जुळले, हा प्रश्न दुय्यम ठरतो. एकाने दुसऱ्याला कोणता प्रश्न विचारला आणि तो कोणाच्या वतीने विचारला, हे प्रथम पाहिले पाहिजे.