अनुस्वार गोल राहायला हवा

वडिलांच्या प्रथम पुण्यस्मरणाला सोसायटीच्या दारात लावायला एक लहानसा फ्लेक्स करून घेतला होता. मीरा-भाईंदर रस्त्यावर सिल्व्हर पार्कच्या आसपास अशी कामे करणारे गाळे शोधावे लागत नाहीत. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, वाढदिवसाचा बॅनर, श्रद्धांजली, सगळे एकाच संगणकातून निघते. संध्याकाळी फ्लेक्स घरी आणून उलगडला. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘हे ते नाहीत रे.’’

फोटो त्यांचाच होता. पासपोर्टसाठी काढलेला, ३५ मिलिमीटर रुंद आणि ४५ मिलिमीटर उंच. फ्लेक्सवरची चौकट मात्र चौरस होती आणि ती भरण्यासाठी फोटो आडवा ताणला होता. ४५ ला ३५ ने भागले की जवळजवळ १.२९ येतात. म्हणजे उंचीच्या मानाने चेहऱ्याची रुंदी २९ टक्क्यांनी वाढली होती. गाल फुगले, खांदे पसरले, चष्म्याच्या गोल काचा लंबगोल झाल्या. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ ही अक्षरेही तशीच ताणलेली होती. ‘द्धां’वरचा अनुस्वार आडव्या अंड्यासारखा दिसत होता. पन्नास वर्षे ज्या माणसाबरोबर काढली, त्याचा चेहरा आईला ओळखू येईना आणि कारण होते माउसची एक ओढ. ती ओढ नेमके काय करते, हे समजून घ्यावेसे वाटले.

आठ ठिपके

कोरलड्रॉ असो, इनडिझाइन असो की फुकट मिळणारे स्क्रायबस, मांडणीच्या या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये पानावरची वस्तू निवडली की तिच्याभोवती आठ ठिपके उमटतात. चार कोपऱ्यांवर, चार बाजूंच्या मध्यावर. मधला ठिपका ओढला तर वस्तू एकाच दिशेने ताणली जाते. कोपरा ओढला तर कोरलड्रॉमध्ये उंची-रुंदीचे प्रमाण आपोआप टिकते. इनडिझाइनमध्ये मात्र त्यासाठी शिफ्ट दाबून ठेवावी लागते. फोटोशॉपने २०१८ च्या ऑक्टोबरात ही रीत उलटी केली. तिथे आता प्रमाण आपोआप राखले जाते आणि शिफ्ट दाबली तर मोडते. इनडिझाइन आणि फोटोशॉप अशा दोन्हींवर काम करणाऱ्याचा हात इथे सहज चुकतो.

कोरलड्रॉमध्ये त्याच वस्तूवर पुन्हा क्लिक केले की कोपऱ्यांवर फिरवण्याचे आणि बाजूंवर तिरपे करण्याचे बाण येतात. मधोमध दिसणारी खूण म्हणजे फिरण्याचा आस. ती उचलून कोपऱ्यात ठेवली तर वस्तू दरवाजासारखी बिजागरीवर फिरते. घड्याळाचे बारा आकडे मांडायचे असतील तर हा आस वर्तुळाच्या केंद्रावर नेऊन दर वेळी ३० अंश फिरवले की झाले.

या सगळ्याच्या मागे फक्त सहा संख्या असतात. ॲडोबीने १९८४ मध्ये आणलेल्या पोस्टस्क्रिप्ट भाषेत आणि पुढे पीडीएफमध्येही लहान-मोठे करणे, फिरवणे, तिरपे करणे हे पहिल्या चार संख्यांत सांगितले जाते आणि पानावरची जागा उरलेल्या दोन संख्यांत. मूळ फोटोला धक्का लागत नाही, म्हणून इनडिझाइनमध्ये किंवा कोरलड्रॉमध्ये ‘क्लिअर ट्रान्सफॉर्मेशन्स’ केले की वस्तू मूळ रूपात परत येते. मात्र क्रमाला महत्त्व आहे. चौकोन आधी आडवा ताणून मग फिरवला तर त्याचे कोपरे काटकोनातच राहतात. आधी ३० अंश फिरवून मग आडवा ताणला तर काटकोन मोडतो.

मोठे करण्यालाही मर्यादा असते. ३०० पीपीआयचा, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेलचा, फोटो दुप्पट केला की प्रत्यक्षात १५० पीपीआय उरतात. पासपोर्टचा फोटो ३०० ला स्कॅन केला तर रुंदीत ४१३ पिक्सेल मिळतात. तो दोन फूट रुंद छापला तर इंचाला जेमतेम १७ पिक्सेल येतात, आणि जवळून पाहणाऱ्याला चेहऱ्याऐवजी चौकटी दिसतात.

अक्षराचे अंग

फोटो ताणला की आईसारख्या माणसाला लगेच कळते. अक्षर ताणलेले मात्र आपण मुकाट्याने वाचत राहतो. देवनागरीचे वळण बोरूच्या तिरक्या कापातून आले आहे. कुठे रेषा जाड, कुठे बारीक, हे त्या कापाने ठरवले. अक्षर रुंदीत ७० टक्के दाबले की उभे दंड ७० टक्के जाडीचे होतात, आडवी शिरोरेघ मात्र होती तेवढीच जाड राहते. डोके जड, पाय काड्यांसारखे, अशी ती ओळ दिसते. ‘ग’ आणि ‘भ’ यांच्या गाठींतली पोकळी बुजते. आणि गोल अनुस्वार उभा होतो. पाटी बिघडली आहे का, हे ओळखायची याहून सोपी खूण मला सापडलेली नाही: आधी अनुस्वार बघावा.

तिरपे केलेल्या अक्षराचेही तसेच. रोमन लिपीतले तिरपे वळण स्वतंत्रपणे घडवलेले आहे. व्हेनिसच्या आल्डस मानुशियसने १५०१ मध्ये त्यात पहिले अख्खे पुस्तक छापले आणि त्याचे ठसे फ्रान्चेस्को ग्रिफोने कोरले होते. याच आल्डसचे नाव घेतलेल्या अमेरिकन कंपनीने १९८५ मध्ये पेजमेकर आणले आणि टेबलावरच्या संगणकात अख्खी छपाई मावू लागली. त्या सोयीबरोबर एक गैरसोयही आली. जे वळण कोरायला कारागिराचे कसब लागत होते, ते आता उभ्या अक्षराला धक्का देऊन तिरपे करता येऊ लागले.

शिशाच्या खिळ्यांच्या काळात हा प्रश्नच नव्हता. मुंबईत १८६९ मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला आणि राणोजी रावजी आरू यांच्या हातच्या वळणांनी त्याचे नाव देशभर नेले. खिळा ताणता येत नाही. मोठे अक्षर हवे तर मोठा ठसा वेगळा कोरायचा, आणि ओळ मावली नाही तर जुळाऱ्याने संपादकाकडे जाऊन एखादा शब्द कमी करून घ्यायचा. धातूच्या त्या अडचणीने अक्षराची राखण केली.

पाटीवरची दाटी

सिल्व्हर पार्कच्या रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्या लांबट आणि बुटक्या दिसतात. वर पहिल्या मजल्याची गॅलरी, खाली शटर, मध्ये उरेल ती पाटीची जागा. महाराष्ट्रात २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन लहान दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली आणि मराठी अक्षर इतर लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नसावे, असे ठरले. २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिने दिले. नियम मला मनापासून पटतो. पण इंग्रजी नावाशेजारी उरलेल्या पट्टीत मराठी नाव बसवायचे म्हटले की सोपा उपाय ओढण्याचाच असतो: उंची भरायला वर खेच, रुंदी मावायला आत दाब. मराठीला जागा मिळाली, तर तिचे अक्षरही धड असावे.

देवनागरीची एक गरज इथे लक्षात घ्यावी लागते. वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार मावण्यासाठी अक्षराचे मुख्य अंग आखडून घ्यावे लागते, त्यामुळे एकाच पॉइंटात ते रोमनपेक्षा लहान दिसते. तेव्हा मराठी अक्षर सगळ्या बाजूंनी सारखे थोडे वाढवावे, नुसते उंच करू नये.

अरुंद अक्षर खरोखरच हवे असेल तर तेही आज मिळते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरे घडवणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये ‘अनेक’ हा फॉन्ट आणला. नऊ भारतीय लिपी आणि रोमन, अशा दहा लिपींत तो आहे. त्याची रुंदी ७५ पासून १२५ पर्यंत हवी तशी बदलता येते, आणि प्रत्येक रुंदीत दंडाची जाडी, गाठीतली पोकळी आणि अनुस्वार सांभाळलेला असतो. इथे ताणण्याचे कामही अक्षर घडवणाऱ्यानेच केले आहे. मराठी आणि गुजराती नावे शेजारी-शेजारी लागणाऱ्या आमच्या भागात तर तो फारच उपयोगी पडावा. गूगल फॉन्ट्सवर तो विनामूल्य मिळतो.

ताणणे कधी योग्य

ताणणे हा दोष नव्हे. रस्त्यावर रंगवलेली अक्षरे मुद्दाम उभी लांबवतात, कारण गाडी चालवणाऱ्याला ती तिरक्या नजरेने दिसतात आणि तिथून ती बरोबर वाटतात. क्रिकेटच्या मैदानावरच्या जाहिराती कॅमेऱ्याच्या कोनातून उभ्या दिसाव्यात म्हणून गवतावर वेड्यावाकड्या काढलेल्या असतात. २०२० मध्ये निवर्तलेले कमल शेडगे नाटकांच्या जाहिरातींत नावाचे अक्षर असे वाकवत, की नाटकाचा स्वभाव त्यात उतरे. ते प्रत्येक रेषा स्वतः आखत. कुठून आणि कोण पाहणार याचा विचार करून अक्षर वाकवले, तर ते त्या पाहणाऱ्यासाठी असते. जागा भरायला ओढलेले अक्षर कुणासाठीच नसते.

म्हणून छापायला देताना काही गोष्टी जरूर सांगाव्यात. फोटो कोपऱ्यातून ओढा. फोटो आणि चौकट जुळत नसतील तर फोटो कापा किंवा चौकट बदला. मजकूर मावत नसेल तर शब्द कमी करा. आणि प्रूफ पाहताना शुद्धलेखनाबरोबर अनुस्वारांचा आकारही पाहा.

आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या गाळ्यात गेलो. तिथल्या मुलाने न कुरकुरता फाइल उघडली.  चौरस चौकटीऐवजी त्याने फोटोचेच प्रमाण घेतले, पस्तिसाला पंचेचाळीस. अक्षरांचे ताण काढून टाकले आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ एका ओळीऐवजी दोन ओळींत घेतली. घरी आल्यावर आईने फ्लेक्स उलगडला. चष्म्याच्या काचा गोल होत्या. तिने पदराने त्यांच्यावरची धूळ पुसली, नव्या फ्लेक्सवर नव्हती तीही, आणि म्हणाली, ‘‘हं. आता लाव.’’