दुकानातील यंत्रांना कायमचा नंबर देताना

आज कापडाच्या पेढीवर बिलाचा कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेऱ्यांची पेटी आणि नोकरांचे मोबाईल एकाच राउटरवर चालतात. राउटर प्रत्येकाला १९२.१६८.१.१०५ असा एक नंबर देतो. यालाच आयपी पत्ता म्हणतात. हा नंबर मुदतीचा असतो, पुढे बदलूही शकतो. मोबाईलला त्याने फरक पडत नाही. पण प्रिंटरचा नंबर बदलला की कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर बिल पाठवत राहतो आणि ऐन ईदच्या गर्दीत गिऱ्हाईक खोळंबते. म्हणून प्रिंटरला कायमचा नंबर हवा.

मात्र तो रिकामा असला पाहिजे. एकच नंबर दोन यंत्रांना गेला, तर एकाच गाळ्याची चावी दोघांना दिल्यासारखे होते. कधी बिल निघते, कधी नाही, आणि दोष बिचाऱ्या प्रिंटरवर येतो.

रिकामा नंबर शोधायची रीत अशी. प्रथम राउटरच्या सेटिंगमध्ये ‘डीएचसीपी’चे पान पाहा. राउटर स्वतः कुठून कुठपर्यंत नंबर वाटतो, ते तिथे असते. समजा १०० ते १९९. तर आपण त्याबाहेरचा, उदाहरणार्थ २२०, निवडावा. पहिले तीन आकडे तेच ठेवावेत. शेवटी ० किंवा २५५ घेऊ नये; राउटरचा स्वतःचा नंबरही (बहुधा १) सोडावा.

मग दुकानातील सर्व यंत्रे चालू करून कॉम्प्युटरच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘पिंग’ लिहून पुढे तो नंबर द्यावा. उत्तर आले तर नंबर गुंतलेला आहे. उत्तर आले नाही, एवढ्यावरून तो रिकामा समजू नये. बंद यंत्र बोलत नाही आणि काही यंत्रे चालू असूनही पिंगला उत्तर देत नाहीत. म्हणून लगेच ‘एआरपी -ए’ ही आज्ञा द्यावी. त्या यादीत नंबर दिसला, तर दुसरा शोधावा.

राउटर सगळेच नंबर वाटत असेल, तर त्याची हद्द कमी करावी किंवा राउटरमध्येच प्रिंटरच्या नावे एक नंबर राखून ठेवावा.

शेवटी वहीत यंत्र, नंबर आणि तारीख लिहावी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनने (सूरह बकरा, आयत २८२) दिली आहे. लिहिण्याची तीच सवय इथेही कामी येते. नंबर देणारा माहितगार मुलगा उद्या दुसऱ्या गावी जाईल, वही मात्र पेढीवरच राहील.