पाळण्यांच्या शेजारी वलांडी

१७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांकडून धारावी बेटावरचा किल्ला घेतला, तेव्हा या बेटाचे मोल वसईच्या खाडीवर नजर ठेवण्यात होते. अडीचशे वर्षांनी ते मुंबईकरांच्या सुट्टीत आले. उत्तन गावाच्या दक्षिणेला, त्याच बेटावर गोराईत १९८९ साली एस्सेलवर्ल्ड हे करमणूक उद्यान उघडले आणि १९९८ साली शेजारी वॉटर किंगडम आले. पुढे एस्सेलचे सुभाष चंद्र यांनी दिलेल्या जागेवर विपश्यना पॅगोडा उभा राहिला. ८ फेब्रुवारी २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. एकमेकांत अडकवलेल्या दगडांच्या त्या घुमटाला आत एकही खांब नाही आणि त्याखाली सुमारे ८,००० साधक बसू शकतात. किंकाळ्यांच्या शेजारी दहा-दहा दिवसांचे मौन नांदले, याचे नवल वाटते. पण दोन्ही वापर शक्य झाले ते एकाच समजुतीतून: ही जागा रिकामी आहे, तिथे काहीही उभारता येईल.

ही समजूतच चुकीची आहे. उत्तनला ऑक्टोबरनंतर कोणी किनाऱ्यावर फिरून पाहावे. बांबूंच्या वलांडींवर बोंबील सुकत असतात, दोन-दोन मासे जबड्यात जबडा अडकवून टांगलेले. वारा आणि ऊन दोन्ही लागावे म्हणून ही रचना. शहरी डोळ्याला जी मोकळी वाळू दिसते, तो कोळ्यांचा कारखाना आहे. त्याला कुंपण नाही, म्हणून नकाशावर तो दिसत नाही. उत्तनच्याच धावगीच्या डोंगरावर साऱ्या मीरा-भाईंदर शहराचा कचरा येऊन पडला, तोही याच नजरेने.

करमणुकीच्या उद्योगाने स्थानिकांना रोजगार दिला, बोटी चालल्या, हॉटेले निघाली, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे आणि ज्यांच्या घरी तो पगार आला त्यांच्यासाठी ती लहान गोष्ट नव्हती. पण तो रोजगार एका मालकाच्या हिशेबावर उभा होता. २०२०च्या टाळेबंदीनंतर एस्सेलवर्ल्डचे पाळणे पूर्वीसारखे फिरले नाहीत, वॉटर किंगडम तेवढे चालू राहिले. वलांडीला पावसाळ्यानंतर नवे बांबू लागतात, एवढेच तिचे भांडवल. मासळी घटली, तरुण नोकरीकडे वळले, म्हणून हा धंदाही टिकणार नाही, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. मात्र मासळी घटण्याचे उत्तर किनाऱ्यावर नवे कुंपण घालण्यात मिळत नाही. त्या जागेचा पुढचा वापर ठरवताना सुकवणीची वाळू, बोटी ओढण्याची वाट आणि खारफुटी आधी नकाशावर आखावी. पाळणे, घुमट किंवा हॉटेल यांना त्यातून उरेल ती जागा मिळावी.